बाळाचं नाव ठरवायचंय? आधी माळ्यावरची भांडी खाली काढा

मी सांगलीत गेली बावीस वर्षं बालवाडी चालवतेय. दर जूनला नवा हजेरीपट लिहायला बसले की तीन वर्षांपूर्वी घराघरात कुठल्या नावाचं वारं होतं ते आपोआप कळतं. सुरुवातीला प्रथमेश, ओंकार, साक्षी, वैष्णवी असायचे, मग अथर्व, आर्यन, श्रावणी आले आणि आता आरव, शिवांश, विहान, अन्वी, मायरा. मागच्या वर्षी एकाच वर्गात तीन आरव, एक आरुष, एक आर्वी आणि दोन आरोही होत्या, मी नुसतं "आर..." म्हटलं की सात माना वळायच्या. आणि ह्या सातही पोरांच्या आयांनी मला प्रवेशाच्या दिवशी सांगितलेलं की मॅडम, आम्ही अगदी युनिक नाव शोधून ठेवलंय. खोटं नव्हत्या सांगत, खरंच रात्र रात्र जागून शोधलेलं असतं त्यांनी. पण सगळेच एकाच वेळी, एकाच मोबाईलवर, त्याच चार साइटवर शोधतात, त्या याद्या अ पासून सुरू होतात आणि च पर्यंत येता येता माणूस दमतो, मग सगळ्यांना सापडतं तेच सापडतं.

त्यामुळे इथे नावांची यादी देत नाहीये. शोधायचं कुठे, तपासायचं कसं आणि सरकारी कागदावर बिनचूक आणायचं कसं, एवढं सांगते. पहिलंच बाळ असेल तर सावकाश वाचा.

घाई नको, पण फार उशीरही नको

हॉस्पिटलमध्ये डिस्चार्जच्या आधी फॉर्म पुढे येतो आणि नाव काय लिहू म्हणून विचारतात. तेव्हा ठरलेलं नसेल तर सरळ सांगा की नाव कोरं ठेवा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी हे बरोबर, पण नोंद वेगळी आणि नाव वेगळं, १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात नावाशिवाय नोंद करायची सोय आहे. नोंद झाल्यापासून एक वर्षाच्या आत नाव घातलं तर काही फी लागत नाही आणि त्यानंतरही उशिराची फी भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. माझ्या धाकट्याच्या वेळी आम्हाला हे माहीतच नव्हतं, समोरच्या बाईंनी घाईत विचारलं, ह्यांनी घाईत सांगितलं आणि ऋग्वेदचा रुगवेद होऊन आला, तो दुरुस्त करून घेईपर्यंत बाळ चालायला लागलं होतं.

पण म्हणून वर्षानुवर्षं रेंगाळूही नका. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळेचा प्रवेश, आधार, पासपोर्ट, पुढे लायसन्स, सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा धरतात. दोन-तीन महिन्यांत नाव घालून टाकलं की डोक्याला ताप राहत नाही.

कॉमन आहे का ते कसं कळणार

अमेरिकेत हे सोपं आहे, तिथलं सोशल सिक्युरिटी खातं दरवर्षी नावांचे आकडे जाहीर करतं, १८८० पासूनचे आहेत, आणि वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव यादीत दाखवत नाहीत, म्हणजे नाव तिथे नसेल तर ते खरंच दुर्मिळ समजायचं. इंग्लंड-वेल्सचीही अशी सरकारी यादी निघते. न्यू जर्सी नाहीतर लंडनमध्ये बाळंतपण असेल तर ह्या दोन्ही याद्या बघाच. आपल्याकडे असं सरकारी काही नाही, म्हणून कान उघडे ठेवावे लागतात.

इथे एक चूक मी सगळ्यांना करताना बघते. लोक आपल्या वयाच्या माणसांत शोधतात, "आमच्या ओळखीत कुणाचंच विहान नाव नाही" म्हणतात. तुमच्या वयाच्या माणसांत कसं असेल, ते नाव तेव्हा चालत नव्हतं! तुमच्या बाळाच्या वर्गात बसणारी मुलं आत्ता शून्य ते तीन वर्षांची आहेत, त्यांची नावं ऐका. बागेत संध्याकाळी अर्धा तास बसा आणि आया काय हाका मारतात ते ऐका, लसीकरणाच्या दिवशी आरोग्य केंद्रात रांगेत उभं राहा, सोसायटीच्या गणपतीत छोट्यांच्या स्पर्धेची नावं पुकारतात ती ऐका, जवळच्या बालवाडीत जाऊन विचारा, माझ्यासारखी कुणीतरी आनंदाने सांगेल. आणि नुसतं नाव नाही, आवाजही तपासा. तुमच्या बाळाचं नाव आरिव ठेवलंत तर कागदावर ते वेगळं आहे, पण मैदानावर लांबून ऐकताना आरवच.

एखादं नाव कॉमन असणं वाईट असंही माझं म्हणणं नाही. सुनीता, संगीता, संजय, विजय ह्यांनी एक अख्खी पिढी व्यवस्थित काढली. फक्त वेगळं हवं म्हणून घेताय आणि निघालं कॉमन, असं होऊ नये एवढंच.

वेगळी नावं येतात कुठून

आता मुख्य मुद्द्यावर येते. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीचं डोहाळजेवण होतं, माणसं जास्त म्हणून तिच्या सासूबाईंनी माळ्यावरचा पितळेचा मोठा हंडा खाली काढला. काळा पडलेला पार. मी आणि भाची अंगणात बसून चिंच-मीठ लावून घासत होतो आणि काठाखाली टिंबाटिंबांची ठोकलेली अक्षरं हळूहळू उघडी पडायला लागली. "वेणू" एवढं स्पष्ट, पुढे गावाचं नाव, शेवटी सन १९४८. घरात कुणालाच वेणू माहीत नव्हती. मग सासूबाईंच्या सासऱ्यांची धाकटी बहीण, नव्वदीच्या घरातली, तिला फोन लावला, तर म्हणाली अगं ती माझी वहिनी, लग्नात नाव बदलून लक्ष्मी केलं, हंडा तिच्या माहेरून आलेला. सगळ्यांना ती लक्ष्मीआजी म्हणूनच ठाऊक होती. पंचाहत्तर वर्षं तिचं स्वतःचं नाव माळ्यावर पडून होतं. भाचीला मुलगी झाली आणि तिचं नाव वेणू ठेवलं. माझ्याकडेच येईल ती पुढच्या जूनला आणि मला खात्री आहे, वर्गात दुसरी वेणू नसणार.

म्हणून माझी पहिली पायरी हीच, भांडी खाली काढा. आपल्याकडे भांड्यावर नाव घालायची पद्धत आहे, हंडे, कळशा, परात, पिंप, सगळं बघा. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा की तुझं माहेरचं नाव काय, तुझ्या आईचं काय, सासूचं माहेरचं काय. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं की जुनं तिथेच संपायचं, त्यामुळे प्रत्येक घरात बायकांची निम्मी नावं हरवलेली आहेत. गोदा, मैना, सगुणा, आवडी, बायजा, येसू, चिमणा, मुक्ता. ही मोठ्याने म्हणून बघा, दोन अक्षरी, तीन अक्षरी, सुटसुटीत, कुठल्याही देशात उच्चारता येतील अशी.

पुरुषांची नावं कागदपत्रांत मिळतात. सातबाराचे जुने फेरफार, गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर. मध्यंतरी कुणबी नोंदी शोधायला कितीतरी घरांनी ही जुनी कागदं बाहेर काढली, तुमच्याही घरात कुणीतरी फोटो काढून ठेवले असतील, ते मागून घ्या. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात, घराण्यातलं कुणी यात्रेला गेलेलं असेल तर पिढ्यांची नावं तिथे लिहिलेली असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की काढून दाखवतात.

त्या कागदांत दगडू, धोंडू, केरू, भिका अशी नावं दिसली की हसू नका. आधीची मुलं दगावलेली असायची, म्हणून पुढच्या बाळाला दगडासारखा टिकू दे, कचऱ्यासारखा कुणाच्या नजरेत न भरू दे, ह्या भावनेने ठेवलेली नावं आहेत ती. त्यात आईचं काळीज आहे. नकुशी मात्र वेगळं, मुलगा हवा असताना मुलगी झाली की नको असलेली म्हणून नकुशी. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात प्रशासनाने अशा दोनशेहून जास्त मुलींना नवीन नावं दिली, काहींनी आपलं नाव स्वतः निवडलं. नाव माणसाला किती टोचू शकतं ते त्या मुलींना विचारावं.

पुढची जागा म्हणजे देव्हारा. तुमचं कुलदैवत खंडोबा असेल तर मल्हार, मार्तंड, म्हाळसा आहेतच. मल्हार तर असा फिरला की आमच्या लहानपणी म्हाताऱ्यांचं वाटणारं नाव आता नवीन वाटतं. गोव्याकडे मंगेश, दामोदर, शांता हे सगळं देवळातूनच घरात आलं. ज्यांच्याकडे पद्धतशीर नामकरण करतात तिथे बाळाला चार नावं असतात, कुलदेवतेचं, महिन्याचं, नक्षत्राचं आणि व्यवहाराचं. त्यातलं महिन्याचं नाव लोक विसरूनच गेलेत, चैत्रात जन्मला तर वैकुंठ, ज्येष्ठात उपेंद्र, श्रावणात वासुदेव. उपेंद्र किती छान आहे, वर्गात एकही नाही माझ्या.

संतांच्या घरातही बघा. ज्ञानेश्वर आणि मुक्ता सगळ्यांना आठवतात, पण निवृत्ती आणि सोपान ही भावांची नावं, चोखोबांच्या बायकोचं सोयरा, बहिणीचं निर्मळा, ही कुणी घेत नाही. रागांची नावं, केदार, सारंग, बागेश्री, आसावरी. फुलांची, सायली, अबोली, केतकी, बकुळा. पद्याच्या प्रकारांचीसुद्धा, ओवी, आर्या, गाथा. "ओवी ज्ञानेशाची, आर्या मयूरपंतांची" म्हणतो ना आपण, त्यातल्या दोन्ही आता माझ्या वर्गात डबा खातात.

आणि काही नावं तर फार लांबून चालत आलेली असतात. मिलिंद घ्या. भुंगा हा अर्थ आहेच, पण मिलिंद म्हणजे मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा. त्याने नागसेन भिक्खूंना प्रश्न विचारले ते पाली ग्रंथात राहिले, त्याच्या नावाने बाबासाहेबांच्या संस्थेचं कॉलेज औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० साली उभं राहिलं. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि घराघरात मिलिंद, नागसेन, सिद्धार्थ, राहुल, प्रज्ञा, सुजाता, संघमित्रा आले. तिथे नावं बदलणं म्हणजे फॅशन नव्हती, आज्यांवर लादलेल्या नावांपासून सुटका होती ती.

सचिन तेंडुलकरचं नाव संगीतकार सचिन देव बर्मन ह्यांच्यावरून ठेवलं, म्हणजे त्रिपुराच्या राजघराण्यातलं नाव बंगालमार्गे वांद्र्याच्या साहित्य सहवासात आलं. सुनील गावसकरांनी मुलाचं नाव ठेवलं रोहन जयविश्व, त्यात रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ असे तीन क्रिकेटर आहेत. मला ही पद्धत फार आवडते, कारण मुलाने विचारलं की माझं नाव हेच का, तर सांगायला एक माणूस असतो, एक गोष्ट असते. तुमचे कोण आहेत असे? शिक्षक, गायक, एखादी डॉक्टर, ज्या नदीकाठी लहानाचे मोठे झालात ती नदी? कोयना, रेवा, शरयू, भीमा. कागद घ्या आणि दोघांनी वेगवेगळं बसून लिहा, एकमेकांचं न बघता.

अर्थ कोशातच बघा

साइटवर दिलेले अर्थ डोळे झाकून घेऊ नका, माझी कळकळीची विनंती आहे. आरवचा अर्थ "शांत" असा सर्रास लिहिलेला असतो. संस्कृतात रव म्हणजे आवाज आणि आरव म्हणजेसुद्धा आवाज, गलका, आरोळी. नाव वाईट नाही, पाखरांचा आरव म्हटलं की किती गोड वाटतं, पण शांत म्हणून ठेवलंत तर ते उलटं झालं. मायराचे तर साइटगणिक निराळे अर्थ सापडतात, खरं तर ते फल्क ग्रेविल नावाच्या जुन्या इंग्रज कवीने आपल्या कवितांतल्या प्रेयसीसाठी घडवलेलं नाव आहे. कियारा हा उच्चार इटालियनमध्ये तेजस्वी आणि आयर्लंडकडे जवळपास तसाच उच्चार सावळ्या रंगाचा, काळ्या केसांचा अशा अर्थाचा. आवडलं तर जरूर ठेवा, कुणी अडवत नाही, फक्त बारशाच्या पत्रिकेत "संस्कृत अर्थ" म्हणून काहीतरी छापू नका. शिवांशमध्ये शिव आणि अंश सरळ दिसतात, विहान म्हणजे पहाट हेही कोशात आहे, पण रेयांशमधला रेय म्हणजे किरण असा काही संस्कृत शब्द नाही.

तपासायचं कसं, तर मोल्सवर्थचा मराठी कोश आणि आपट्यांचा संस्कृत कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत, देवनागरीत शब्द टाकून शोधता येतो. पाच मिनिटांचं काम. गावात संस्कृत शिकवणारं कुणी असेल तर त्यांना विचारलंत तर आणखी चांगलं.

पत्रिकेतलं अक्षर

ज्यांना पत्रिका बघायची असते त्यांच्यासाठी. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून १०८ अक्षरं, बाळाच्या जन्मवेळेचा चरण निघाला की अक्षर मिळतं. रोहिणीला ओ, वा, वी, वू म्हणजे सोपं आहे. आर्द्राला कु, घ, ङ, छ, हस्ताला पू, ष, ण, ठ, इथे आई-बाप रडकुंडीला येतात, कारण ङ आणि ण वरून नाव आणणार कुठून. अशा वेळी नावरस नाव कानात सांगण्यापुरतं वेगळं ठेवा आणि व्यवहाराचं नाव आवडीचं ठेवा, पूर्वीपासून हेच चालत आलंय. अक्षर हट्टाने धरून काहीतरी जुळवलेलं नाव मुलाच्या गळ्यात घालू नका.

आत्याला आधी सांगा

बारशाला पाळण्याखालून वरून "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" होतं आणि बाळाच्या कानात नाव आत्या सांगते. पण आदल्या दिवशीपर्यंत तिलाच नाव माहीत नसतं आणि मग रुसवे होतात. निवडायचं आई-बापांनीच, ह्यात मला शंका नाही, पण दोन-तीन नावं उरली की आत्याला, मावशीला, दोन्हीकडच्या आज्यांना फोन करून म्हणून दाखवा. त्यांच्या तोंडात नाव कसं बसतं ते कळतं. माझ्या सासूबाईंना ऋग्वेद म्हणता यायचं नाही, त्या ऋगू म्हणायच्या आणि तो अजून घरात ऋगूच आहे. हाक मारताना नावाचं काय होणार ते त्या फोनवरच समजतं.

पूर्ण नाव मोठ्याने म्हणा, मग लिहा

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असं लिहायचं आहे. मला ह्याचा मनापासून आनंद आहे, पण त्यामुळे नाव लांब झालं हेही खरं. ज्ञानेश्वरी मृणालिनी ज्ञानेश्वर कुलकर्णी हे सहा वर्षांच्या मुलीला रोज पेपरवर लिहायचंय! आईवडिलांची नावं मोठी असतील तर बाळाचं छोटं घ्या. चारही नावं सलग तीन वेळा म्हणा, अडखळलात तर विचार करा.

इंग्रजी स्पेलिंग त्याच दिवशी ठरवून टाका. ऋ ला आपण रु म्हणतो, उत्तरेकडे रि म्हणतात, ज्ञ आपल्याकडे द्न्य आणि तिकडे ग्य, ळ साठी तर इंग्रजीत अक्षरच नाही. अशी अक्षरं असलेलं नाव जरूर ठेवा, फक्त स्पेलिंग एकच, आणि सगळीकडे तेच. अंकशास्त्र म्हणून मध्येच एक जादा ए घालायचा असेल तर आत्ताच घाला, आधार निघाल्यावर नको. एका मुलीच्या दाखल्यावर एक ए, आधारवर दोन आणि लसीच्या कार्डावर तिसरंच, तिच्या आईला प्रवेशाच्या दिवशी माझ्यासमोर रडताना मी बघितलंय.

नाव घालायचा अर्ज जिथे जन्माची नोंद झाली तिथेच द्यायचा, म्हणजे ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचं वॉर्ड ऑफिस. तुम्ही राहता तिथलं नव्हे, बाळंतपण माहेरी झालं असेल तर माहेरच्या गावचं, हे खूप जणांना माहीत नसतं आणि चक्कर फुकट जाते. जाताना आई-वडील दोघांची आधारकार्डं न्या आणि एका कोऱ्या कागदावर नाव मराठीत आणि खाली इंग्रजीत मोठ्या कॅपिटल अक्षरांत लिहून न्या, तोंडी सांगू नका. दाखला हातात आला की खिडकीपासून हलायच्या आधी तिथेच उभं राहून वाचा, बाळाचं नाव, तुमचं नाव, ह्यांचं नाव, आडनाव, जन्मतारीख, दोन्ही भाषांत, बोट ठेवून एकेक अक्षर. मागच्या रांगेतले कुरकुरले तर कुरकुरू देत.